कडी लावलेल्या मुलीचा दुसरा भाग

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. पण मोठ्याने वाचण्यात आमच्या आळीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. माझे वडील अमरावतीला भिक्षुकी करत आणि घरोघर पोथ्या वाचायला जात. त्यांच्या मागे बसून मी वाचायला शिकले. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे खाली आणायचा, अध्याय संपला की पुस्तकाला हात लावून तो कपाळाला कसा लावायचा, हे सगळं त्यांच्याकडून आलं. दुसऱ्या तऱ्हेने वाचतात हे मला माहीतच नव्हतं.

लग्न होऊन अकोल्याला आले. सासरे कोर्टात वकिली करत. त्यांना मी मामंजी म्हणत असे. घरात सासूबाई, मी, धाकटी नणंद आणि मामंजींची थोरली बहीण. या बहिणीला आम्ही आत्याबाई म्हणत असू. नवरा गेल्यावर मामंजींनी त्यांना महिनाभरासाठी म्हणून आणलं होतं. मी आले तोवर त्या महिन्याला कितीतरी वर्षं होऊन गेली होती.

हिवरखेडला आत्याबाईंचं स्वतःचं घर होतं. दोन खोल्या, मागे विहीर, आणि जवळच थोडं शेत, ते मामंजी मक्त्याने देत. घराला कुलूप. कुलपाची किल्ली आमच्या देवघरात खिळ्याला टांगलेली. देवघर रोज आत्याबाईच पुसायच्या, म्हणजे किल्ली रोज त्यांच्या हाताखालून जायची. दर वर्षी दिवाळी झाली की त्या भावाला विचारत, "भाऊ, जाऊ का मी हिवरखेडले?" मामंजी म्हणत, पुढच्या वर्षी पाहू, तिथं तुझं कोण आहे. आत्याबाई मान हलवत आणि पुढच्या दिवाळीपर्यंत गप्प राहत.

मी नवीन होते, मला राहवलं नाही. एकदा म्हटलं, किल्ली तर इथंच आहे, घ्या आणि जा. त्या म्हणाल्या, "घेतली तं पळून गेली म्हनतीन. देल्ली तं गेली म्हनतीन." आणि पुन्हा समया घासायला लागल्या.

त्या गेल्या तर घराचं काय होईल हा विचार कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण करत सगळेच होते. लोणची त्यांची, शेवया-कुरडया त्यांच्या, बाळंतपणं त्यांच्या हातची. माझं पहिलं बाळंतपण त्यांनीच केलं.

उन्हाळ्यात दुपारी आम्ही मागच्या पडवीत चिंच फोडायला बसायचो. शेजारच्या बांगडीवाल्याची बायको, आम्ही तिला भाभी म्हणायचो, तीही आपलं सूप घेऊन कुंपणाच्या फटीतून यायची. चिंच फोडणाऱ्या बाईचे हात चिकट असतात, तिने पुस्तकाला हात लावायचा नाही. म्हणून वाचणारी बाई चिंच फोडत नाही. मी वाचायची ती या सवलतीसाठी. हे मी उघड सांगते.

नणंदेने शाळेतून एक कादंबरी आणली होती. बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी असं पहिल्याच पानावर छापलेलं. ऐकणाऱ्या आमच्यात त्या वयाची ती एकटी. गोष्ट जादूची होती. जमिनीखाली एक ओस पडलेलं शहर, त्यात एक राक्षस. तो रात्री वर येऊन गावंच्या गावं उजाड करायचा. एका कोष्ट्याची मुलगी खाली उतरते, राक्षसाला मारता येत नाही असं तिला कळतं, तेव्हा ती शहराचं दार आतून लावते. जादूची कडी, आतूनच निघणारी. बाहेर राजपुत्र दारावर डोकं आपटून शपथ घेतो की मी तुला सोडवीन. इथे पुस्तक संपलं. खाली बारीक अक्षरात छापलेलं, पुढील कथा दुसऱ्या भागात.

सासूबाई म्हणाल्या, मग दुसरा भाग काढ. मी म्हटलं, तो अजून निघाला नाही. त्यांना ते पटेना. त्यांना वाचता येत नव्हतं. माझ्या तोंडून त्यांनी पोथीच्या चालीवर जे ऐकलं ते त्यांच्या लेखी पोथीच होतं, आणि पोथी अर्धी सोडणं म्हणजे दोष. त्या दिवसापासून घरात जे वाईट झालं ते या अर्ध्या पोथीमुळे. माठ फुटला, त्यामुळे. गाय आटली, त्यामुळे. मामंजींचा मोठा दावा हातचा गेला, त्यामुळे. आणि पुढच्या वर्षी तिवशाच्या एका मास्तरांच्या मुलाशी नणंदेचं ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हा त्यांची खात्रीच पटली. म्हणाल्या, "ती पोरगी तिकडे कडी लावून बसली अन् माह्या पोरीचं दार बंद झालं." आम्ही हसलो नाही. त्या खरोखर रडत होत्या.

आत्याबाई मात्र दोषाचं कधी बोलल्या नाहीत. मधून मधून मला विचारायच्या, "निघाला का गं दुसरा?" बस, इतकंच.

महाराष्ट्र राज्य झालं तो उन्हाळा. मामंजींनी कोर्टातून पेढे आणले होते. त्यानंतर मी थोडे दिवस अमरावतीला माहेरी गेले आणि तिथल्या वाचनालयात मला दुसरा भाग दिसला. वडिलांच्या नावावर तो घेतला आणि अकोल्याला आणला.

सासूबाईंनी ते पुस्तक माझ्या हातातून घेऊन डोक्याला लावलं. दुसऱ्या दिवशी पडवी सारवली, चौरंग मांडला, त्यावर लाल खण, खणावर पुस्तक. सुपारी ठेवली, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. माझ्या वडिलांकडे पोथी बसवायची जशी रीत, तशी सगळी. मी म्हटलं, अहो, हे मुलांचं पुस्तक आहे. त्या म्हणाल्या, "तू वाच. पुरी झाली पाह्यजे." आणि मोठ्याने बोलल्या की पोथी पुरी होईल, राजपुत्र येईल, आमच्या मुलीचं लग्न होईल, समाप्तीला पुरण घालीन. आत्याबाई विधवा, त्या खांबामागे बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर चिंचेचं सूप होतं.

पहिले काही दिवस ठीक गेले. राजपुत्र दऱ्याखोऱ्यांतून येतो आहे, सासूबाई प्रत्येक अध्यायाला हात जोडताहेत, नणंद पदर तोंडात धरून ऐकते आहे. राजपुत्राने घातलेल्या अंगरख्याचं वर्णन तिने मला पुन्हा वाचायला लावलं.

मग तो दारापाशी पोचला. मी पुढचं पान आधी पाहिलेलं नव्हतं. वडिलांची शिकवण, पोथी आधी चाळायची नाही. तो हाक मारतो. आतून कडी निघते. मुलगी आता मुलगी राहिलेली नाही, बाई झाली आहे, केसांत एखादी पांढरी रेघ. मागे राक्षस म्हातारा होऊन बागेला पाणी घालतो आहे. राजपुत्र म्हणतो, चल. ती त्याला पाट देते, पंख्याने वारा घालते, बापाची खुशाली विचारते, आणि म्हणते, "तू आलास, बरं वाटलं. आता जेवून जा."

मी थांबले. ते पूर्णविरामापाशी थांबणं नव्हतं. मला वाटलं आपण दोन पानं एकदम उलटली. पानांचे आकडे पाहिले. बरोबर होते.

भाभीने हातातली चिंच तशीच धरून ठेवली. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे ती येत नाही म्हणते. तो जेवला आणि गेला, असं पुढे लिहिलं आहे.

"राक्षसापाशी राह्यली?" सासूबाई म्हणाल्या. "एकटी बाई? स्वतःहून?"

मी इतकी वर्षं पोथ्या ऐकल्या, गोष्टी ऐकल्या. पळवलेली बाई सुटत नाही असं कधी ऐकलं नव्हतं. सुटू शकत असून उठत नाही, हे तर नाहीच. मला खरंच धक्का बसला होता आणि थोडा रागही आला होता, की मला दोन वर्षं थांबवून हे दिलं.

सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, बंद कर, हे पुस्तक घरात नको. घरात लग्नाची मुलगी आहे.

तेव्हा खांबामागून आत्याबाई बोलल्या. "सुपारी ठेवली न तुमी, वयनी? नारळ ठेवला न? मग आता पुरी होईस्तोवर उठता येत नाई."

सासूबाई उभ्याच राहिल्या. चौरंग त्यांनीच मांडला होता. अर्धी पोथी सोडल्याचं काय होतं हे दोन वर्षं त्यांनीच आम्हाला ऐकवलं होतं. त्या खाली बसल्या.

पुढचं पुस्तक म्हणजे ती बाई आणि ते ओस शहर. विहिरी उपसते, पडकी दारं बसवते, राक्षसाकडून दगड वाहून घेते. रोज दुपारी मी वाचायची आणि रोज भांडण. पुस्तकातल्यापेक्षा पडवीतच जास्त घडत होतं.

सासूबाईंचं म्हणणं, लिहिणाऱ्याची बायको त्याला सोडून गेली असेल, म्हणून त्याने आमच्यावर सूड उगवला. भाभीला उलट आवडलं. तिला राक्षसाचं फार वाटायचं. "उसको मारा नहीं न किसीने," ती म्हणायची, "बिचारा, पानी तर भरून राह्यला." सासूबाई तिला म्हणाल्या, तुझ्या घरी बांधून ठेव मग त्याला. भाभी म्हणाली, "आहे न एक, बांगड्या विकतो." सासूबाईसुद्धा तोंड फिरवून हसल्या.

ज्या मुलीला हे पुस्तक बिघडवेल म्हणून सगळ्यांना भीती, ती नणंद सगळ्यांत चिडलेली. तिने त्या राजपुत्रासाठी दोन वर्षं काढली होती. ती रडली, जेवली नाही, म्हणाली, वहिनी, ही फसवणूक आहे, पहिल्या भागात एक सांगायचं आणि दुसऱ्यात दुसरंच करायचं. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींतही दोन तट पडले असं तिने सांगितलं. काही जणींना तो भाग पहिल्यापेक्षा चांगला वाटला होता. त्यांच्याशी तिने बोलणं सोडलं.

माझं मत विचाराल तर विहिरी उपसण्याचे अध्याय फार लांबवले होते. पहिल्या भागातला राक्षस भीतीचा होता, दुसऱ्यातला नुसता गडी. ज्याची भीतीच उरली नाही त्याच्यापासून कोणाला सोडवायचं, हे मला कळेना. आजही मी पहिलाच भाग चांगला म्हणेन.

आत्याबाई काही बोलत नव्हत्या. एकदाच त्यांनी मला थांबवलं. विचारलं, त्या शहरात तिले एकटीले भेव वाटत नव्हतं, असं लिवलं हाय का? मी मागची पानं पाहिली. एके ठिकाणी होतं, पहिल्या वर्षी भीती वाटली, मग नाही. तेवढं मी त्यांना वाचून दाखवलं.

"हो," त्या म्हणाल्या, "एक वर्स लागत असंल."

मला त्यात काही दिसलं नाही. मी पुढे वाचायला लागले.

समाप्तीच्या दिवशी सासूबाईंनी पुरण घातलं. बोललेलं होतं म्हणून घातलं, नाहीतर त्यांचा चेहरा सुतकासारखा. पुस्तकाच्या शेवटी राजपुत्र दुसरीशी लग्न करतो आणि त्या बाईला जेवायला बोलावतो. ती येते, जेवते, परत जाते आणि कडी लावते. नणंद उठून आत गेली. मी पुस्तक कपाळाला लावून चौरंगावर ठेवलं.

मामंजी कोर्टातून लवकर आले होते. त्यांना पुस्तकाचं काही ठाऊक नव्हतं. बायकांनी काहीतरी पोथी बसवली होती, ती आज पुरी झाली, घरात पुरण आहे, एवढंच. पण घरच्या कर्त्याने समाप्तीला करायचं ते त्यांनी केलं. नारळ फोडला, चौरंगासमोर नमस्कार केला, मला खण दिला. मग नारळाची वाटी हातात धरूनच बहिणीला म्हणाले, ताई, तू वडील, पोथीला रोज बसलीस, बोल, तुला काय पाहिजे? लुगडं आणू?

आत्याबाई म्हणाल्या, "लुगडं हाय मले. हिवरखेडची किल्ली दे."

मामंजी हसले. त्यांना वाटलं दिवाळीचं बोलणं उन्हाळ्यात आलं. म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू.

"नारळ हातात घेऊन पुढच्या वर्षी म्हनतं का, भाऊ?" आत्याबाई म्हणाल्या. "तूच इचारलं, काय पाह्यजे म्हून."

मामंजी कोर्टात कोणाला बोलू द्यायचे नाहीत अशी त्यांची ख्याती. त्यांनी सुरुवात केली. छप्पर गळत असेल. आत्याबाई म्हणाल्या, पावसाला अजून दिवस हायेत, शाकारून घेईन. साप असेल. असंल. आजारी पडलीस तर? तं पडीन. लोक म्हणतील भावाने काढून दिली. त्यावर त्या म्हणाल्या, तूच किल्ली देऊन बसमधी बसवून दे, मंग कोनी म्हननार नाई.

सासूबाई मध्येच बोलल्या. "अन् शेवया कोण करीन? माह्या पोरीच्या लग्नाचं कोण करीन?"

हे बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय बोललो. मामंजींनी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं तिथं तुझं कोण आहे असं म्हणत होते, त्याचा अर्थ त्या दिवशी सगळ्यांसमोर भांड्यातून सांडावा तसा सांडला. मी मान खाली घातली. मीही तोच हिशोब करत होते. मला नुकतेच दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

मामंजी देवघरात गेले. बराच वेळ आले नाहीत. किल्ली तर खिळ्याला समोरच होती. मग आले आणि नारळाच्या वाटीसोबत किल्ली बहिणीच्या हातात ठेवली. आत्याबाईंनी ती कनवटीला लावली, आणि जेवायला पानं घ्यायला उठल्या. त्या दिवशीचं वाढणंही त्यांनीच केलं.

मला अजून आठवतं, मी त्यांच्याकडे पाहतच राहिले होते. नणंदेवर आम्ही किती लक्ष ठेवलं. ती खिडकीत उभी राहिली की सासूबाई हाक मारायच्या. आणि खांबामागे पन्नाशी उलटलेली बाई बसली आहे, तीही ऐकते आहे, हे कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि वाचत तर मी होते.

चार दिवसांनी मामंजींनी त्यांना बसमध्ये बसवलं. सोबत मला पाठवलं, अकोटवरून हिवरखेडपर्यंत. मी म्हटलं, एक-दोन दिवस राहते, घर झाडायला. कुलूप उघडलं नाही सहजी. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली, म्हणजे ती घेऊनच निघाल्या होत्या. दार उघडल्यावर वटवाघळं बाहेर आली आणि मी ओरडले. आत्याबाई म्हणाल्या, त्यांचं घर हाय इतके दिवस, जातीन हळूहळू. दुसऱ्या दिवशी दुपारीच त्यांनी मला बसला लावून दिलं. म्हणाल्या, तू इथं राह्यली तं माही सवय व्हाची नाई.

त्या वर्षीच्या शेवया माझ्या हातून जाड झाल्या. सासूबाईंनी कुरडया केल्या त्या तळताना फुटल्या. रोज कोणीतरी काहीतरी शोधत होतं आणि ते कुठे ठेवलेलं असतं हे फक्त आत्याबाईंना माहीत होतं.

पावसाळा संपल्यावर नणंदेचं लग्न ठरलं, तेल्हाऱ्याला. सासूबाईंनी ते पोथी पुरी झाल्याचं फळ धरलं. पण पोथीचं नाव घेतलं नाही. मामंजींना म्हणाल्या, आता तरी वन्संना घेऊन या, लग्नाचं घर आहे. मामंजी सकाळच्या बसने गेले. त्यांची समजूत अशी, की एक पावसाळा एकटीने काढला म्हणजे हौस फिटली असेल.

ते त्याच दिवशी संध्याकाळी एकटेच परत आले. चिंचेच्या दिवसांत बसायचो त्याच पडवीत आम्ही तिघी लग्नाच्या तुरीची डाळ पाखडत होतो, भाभी कुंपणाशी उभी होती. मामंजींनी टोपी खुंटीला लावली. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या?

"लग्नाच्या आदल्या दिवशी येतो म्हणाली. पाहुणी म्हणून," मामंजी म्हणाले. त्यांना ते नीट कळलेलं दिसत नव्हतं. "घर लख्ख ठेवलंय. विहीर उपसून घेतली. मी म्हटलं, चल. तर म्हणाली, तू आला, बरं वाटलं, आता जेवून जा."

नणंदेच्या हातातलं सूप खाली पडलं. भाभीने तोंडाला पदर लावला. मामंजी आमच्याकडे एकेकीकडे पाहत राहिले. म्हणाले, काय झालं तुम्हाला, जेवून जा म्हणाली, त्यात काय?

डाळ सगळीकडे पसरली होती, ती आम्ही गोळा केली. मामंजी आत गेल्यावर सासूबाईंनी मला हळूच विचारलं, त्या पुस्तकाचा तिसरा भाग निघणार आहे का. मी म्हटलं, मला माहीत नाही.

"निघाला तरी आणू नको," त्या म्हणाल्या.